यंत्रं मोजता येतात. युक्ती कशी मोजायची?

प्रश्न : २०२५ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल तिघा अभ्यासकांना मिळालं. नव्या शोधांमुळे अर्थव्यवस्था कशी वाढते हे उलगडून दाखवल्याबद्दल ते दिलं, असं वाचलं. पण नवी यंत्रं आली की उत्पादन वाढतं आणि देश श्रीमंत होतो, हे तर शाळकरी मुलालाही कळतं. मग यात शोधून काढण्यासारखं होतं काय? वाढीत तंत्रज्ञानाचा वाटा इतके टक्के, तितके टक्के असं सांगतात, तो मोजतात तरी कसा? तंत्रज्ञानाला ना वजन, ना माप. शिवाय यंत्रांमुळे माणसांची कामं जातात. मग त्यातूनच भरभराट होते, हे कसं?

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. क्रमाने घेऊ. पण आधी एक गल्लत दूर करायला हवी. आपण यंत्र आणि तंत्रज्ञान एकच धरून चालतो. यंत्र ही वस्तू आहे. ती विकत मिळते, झिजते, शेवटी भंगारात जाते. तंत्रज्ञान म्हणजे एखादी गोष्ट कशी करायची याचं ज्ञान. ही गल्लत अर्थशास्त्रज्ञांचीही झाली होती आणि ती निस्तरायला त्यांना जवळजवळ १८० वर्षं लागली.

ॲडम स्मिथपासून सुरुवात करू. १७७६ साली त्याने आपल्या ग्रंथात टाचण्यांच्या एका छोट्या कारखान्याचं वर्णन केलं. एक जण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो. अशी कामं वाटून घेतलेली दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करत. एकेकट्याने, न शिकता, सगळी टाचणी करायला घेतली असती, तर दिवसाला वीसही झाल्या नसत्या. स्मिथने या वाढीचं मुख्य श्रेय श्रमविभागणीला दिलं. एकच काम रोज करणाऱ्याला त्यात सुधारणा सुचतात, हे त्याने नोंदवलं होतं. पण शोध हा त्याच्या विवेचनात श्रमविभागणीच्या मागोमाग येतो.

त्याच्या पुढच्या पिढीतल्या माल्थस आणि रिकार्डो यांना मात्र पुढचं चित्र अंधारं दिसलं. जमीन ठरावीक आहे. तिच्यावर पहिला मजूर लावला की धान्य भरपूर वाढतं, दहावा लावला की थोडं वाढतं, विसावा लावला की जेमतेम. हा घटत्या फलाचा नियम. लोकसंख्या वाढत गेली की एक दिवस वाढ थांबणार, असा त्याचा सरळ निष्कर्ष. नियम बरोबर होता, निष्कर्ष चुकला. तीच जमीन जास्त कशी पिकवायची याचं ज्ञान एवढं वाढेल, हे त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची रीत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये दाखवली, १९१३ मध्ये जर्मनीत तिचा कारखाना सुरू झाला आणि रासायनिक खतांचा मार्ग मोकळा झाला. जमीन होती तेवढीच राहिली, पीक वाढलं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अर्थशास्त्रज्ञांची नजर जमिनीवरून भांडवलाकडे वळली होती. ब्रिटनमध्ये हॅरॉड यांनी १९३९ मध्ये आणि अमेरिकेत डोमार यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या विचारांतून एक सुटसुटीत हिशेब तयार झाला : देशाने जितकी जास्त बचत करावी, तितकी जास्त यंत्रं येतील आणि तितकी वाढ होईल. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना हा हिशेब पटणं स्वाभाविक होतं, कारण त्यात काय करायचं ते स्पष्ट होतं. आपल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेमागेही (१९५१-५६) हीच विचारसरणी होती. तुमचं ‘शाळकरी मुलालाही कळतं’ हे विधान नेमकं याच टप्प्यावरचं आहे.

त्याला पहिला मोठा धक्का दिला रॉबर्ट सोलो यांनी, १९५६ साली. जवळपास असंच प्रतिमान ट्रेव्हर स्वान यांनी त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मांडलं. सोलो यांचा मुद्दा समजायला एका शिंप्याचं दुकान डोळ्यांपुढे आणा. हाताने शिवणाऱ्या शिंप्याला एक शिलाई मशीन मिळालं, तर त्याचं काम कित्येक पटींनी वाढेल. दुसरं मिळालं, तर एकावर शिलाई आणि दुसऱ्यावर काज-बटण, एवढा थोडा फायदा. पाचवं मशीन मिळालं तर ते कोपऱ्यात धूळ खात पडेल. म्हणजे जमिनीला लागू असलेला घटत्या फलाचा नियम यंत्रांनाही लागू आहे. त्यात घसारा धरा. जितकी यंत्रं जास्त, तितका दुरुस्ती आणि बदलीचा खर्च जास्त. शेवटी अशी वेळ येते की सगळी बचत जुनी यंत्रं टिकवण्यातच संपते.

यातून निघणारा निष्कर्ष असा. बचत वाढवली की देश आधीपेक्षा वरच्या पातळीवर जातो. पण तिथे पोचल्यावर निव्वळ यंत्रांच्या भरीने दरडोई उत्पन्न वर्षानुवर्षं वाढत राहत नाही. ते वाढत राहायचं, तर तेवढ्याच माणसांकडून आणि तेवढ्याच यंत्रांकडून जास्त काम करून घेण्याच्या नव्या रीती सतत सापडत राहायला हव्यात. शोधून काढण्यासारखं काय होतं, याचं पहिलं उत्तर हे.

आता मोजमापाचं. तंत्रज्ञान थेट मोजता येत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. सोलो यांनी ते वजाबाकीने मोजलं. समजा, एका देशाचं उत्पादन वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढलं. त्याच वर्षात यंत्रं, इमारती वगैरे भांडवल तीन टक्क्यांनी वाढलं आणि कामाचे तास दीड टक्क्याने. उत्पन्नापैकी साधारण एक तृतीयांश वाटा भांडवलाच्या मालकांकडे जातो आणि दोन तृतीयांश काम करणाऱ्यांकडे, असं धरू. ज्याला जेवढा मोबदला मिळतो तेवढं त्याचं योगदान, या गृहीतकावर भांडवलाने केलेली वाढ तीनचा एक तृतीयांश, म्हणजे एक टक्का. श्रमाने केलेली वाढ दीडचा दोन तृतीयांश, म्हणजे तीही एक टक्का. साडेतीनातून दोन गेले, उरला दीड टक्का. ना जास्त यंत्रांमुळे झालेली, ना जास्त कामामुळे झालेली अशी ही वाढ. तिलाच सोलो यांची बाकी म्हणतात.

हा हिशेब त्यांनी १९५७ साली अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळातल्या आकड्यांवर करून पाहिला. त्या चाळीस वर्षांत एका तासाच्या कामातून निघणारं उत्पादन सुमारे दुप्पट झालं होतं. त्यातला फक्त एक अष्टमांश भाग माणशी वाढलेल्या यंत्रसामग्रीचा निघाला. उरलेला सात अष्टमांश भाग या बाकीत जमा झाला. ज्या भांडवलाला सगळे वाढीचं इंजिन समजत होते, त्याचा वाटा सगळ्यात लहान! सोलो यांना १९८७ मध्ये नोबेल मिळालं ते या कामासाठी.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ही बाकी म्हणजेच तंत्रज्ञान, असं अनेकदा छापून येतं. तसं नाही. मोझेस अब्रामोविट्झ यांना १९५६ मध्येच अशीच मोठी बाकी सापडली होती आणि हे आपल्या अज्ञानाचं माप आहे, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. कामगारांचं शिक्षण, त्यांचं आरोग्य, चांगले रस्ते, कारखान्यातली शिस्त आणि आखणी, इतकंच काय, आकडेमोडीतल्या चुकासुद्धा या बाकीत येऊन बसतात. म्हणून कुणी ‘वाढीत तंत्रज्ञानाचा वाटा अमुक टक्के’ असं म्हणालं, तर त्याचा अर्थ ‘यंत्रं आणि माणसं यांच्या संख्येने न उलगडलेला भाग अमुक टक्के’ असा लावावा.

या बाकीत किती काय दडलेलं असतं, याचं उदाहरण आपल्या गिरणगावाच्या इतिहासात आहे. मुंबईत पहिली सूतगिरणी उभी राहिली १८५४-५६ च्या सुमारास, कावसजी दावर यांच्या पुढाकाराने. पुढच्या गिरण्यांसाठीही चात्या आणि माग मुख्यतः लँकेशायरमधून येत. म्हणजे यंत्र मँचेस्टरला जे, तेच परळला. तरी ग्रेगरी क्लार्क या आर्थिक इतिहासकाराने १९१० च्या आसपासची तुलना केली, तेव्हा अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक गिरणी कामगार जेवढं काम सांभाळत होता, तेवढ्यासाठी भारतात जवळजवळ सहा माणसं लागत होती. याचं कारण काय, यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे. कुणी कामाच्या पद्धतींकडे बोट दाखवतं, कुणी व्यवस्थापनाकडे, कुणी कापसाच्या दर्जाकडे, तर मजुरी स्वस्त असल्यामुळे मालकांना माणसं कमी करण्याची निकडच नव्हती, असंही म्हणणं आहे. पण एक गोष्ट वादातीत आहे. यंत्र बोटीत चढवून आणता येतं. ते चालवण्याभोवतीची सगळी घडी त्याच पेटीतून येत नाही.

सोलो यांच्या मांडणीत एक मोठी उणीव होती. नव्या रीती येत राहतात एवढंच त्यांनी धरलं. त्या येतात कुठून, हे सांगितलं नाही. पाऊस पडावा तशी प्रगती आपोआप होते, असं मानल्यासारखं ते होतं. ही उणीव भरून काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये केला. विमान कारखान्यांत दिसून आलं होतं, की एकाच प्रकारच्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानामागची मेहनत सुमारे २० टक्क्यांनी उतरते. नवं यंत्र नाही, नवा शास्त्रज्ञ नाही. करता करता हात बसतो आणि डोकंही चालतं. हे शिकणं उत्पादनाबरोबरच घडतं, असं ॲरो यांनी दाखवलं.

त्यापुढचं पाऊल पॉल रोमर यांनी १९९० मध्ये टाकलं. त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. वस्तू आणि कल्पना यांच्यातला एक फरक त्यांनी वाढीच्या सिद्धांताच्या मध्यभागी आणून ठेवला. एक शिलाई मशीन एका वेळी एकालाच वापरता येतं. कल्पना मात्र एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी उणी होत नाही.

जलसंजीवनीचं उदाहरण पाहा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याने थैमान घातलं होतं आणि शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडत होतं. बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत आणि रुग्णालयांत या उपायावर त्याआधी काम झालं होतं. छावणीच्या धबडग्यात, नातेवाइकांच्या हातून तो करून घेण्याचं धाडस त्यांनी केलं. रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. साखर आणि मीठ हजारो वर्षांपासून घराघरांत होतंच. नवं होतं ते फक्त प्रमाणाचं ज्ञान, आणि साखरेबरोबर दिलं की आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं ही समज. ते एकदा सापडल्यावर जगातल्या कोट्यवधी लेकरांसाठी वापरता आलं आणि कुणाच्या वाट्याचं कमी झालं नाही. जमिनीला आणि यंत्रांना लागणारा घटत्या फलाचा नियम ज्ञानाला त्याच रीतीने लागत नाही, तो यामुळे.

पण यातूनच एक अडचण उभी राहते. कल्पना सगळ्यांना फुकट वापरता आली, तर ती शोधण्यासाठी पैसे आणि वर्षं कोण घालवील? म्हणून काही काळापुरता हक्क देणारं पेटंट लागतं, आणि जिथे नफा दिसत नाही तिथे विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना सरकारी पैसा लागतो. पेटंट फार कडक केलं तर ज्ञान अडून बसतं, फार सैल केलं तर शोधणारा हात आखडता घेतो. हा तोल सांभाळणं हे धोरणाचं काम आहे.

आता २०२५ च्या नोबेलकडे येऊ. फिलिप आगियों आणि पीटर हॉविट यांनी १९९२ मध्ये जोसेफ शुम्पीटर यांच्या एका जुन्या विचाराला गणिती रूप दिलं. नवं येतं ते जुन्याला बाजूला सारून येतं आणि भांडवलशाहीचा हाच स्वभाव आहे, असं शुम्पीटर यांनी १९४२ च्या ग्रंथात म्हटलं होतं. नवा शोध लावणारी कंपनी जुन्या कंपनीचा नफा पळवते आणि उद्या तिचाही नफा कुणी तरी पळवणार असतो. म्हणून बाजारात आधीच बसलेले मोठे लोक नव्यांची वाट अडवू लागले, की वाढ मंदावते.

पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला तो जोएल मोकीर या आर्थिक इतिहासकाराला. शोध तर पूर्वीही लागत. मग गेल्या दोनशे वर्षांतच वाढ अखंड का चालली? मोकीर सांगतात, की ‘हे कसं करायचं’ एवढंच माहीत असून भागत नाही. ‘हे असं का होतं’ हेही कळावं लागतं. शेणखत घातल्याने पीक चांगलं येतं हे शेतकऱ्याला हजारो वर्षं माहीत होतं. पण का येतं हे ठाऊक नसल्यामुळे त्यापुढचं पाऊल टाकता येत नव्हतं. नायट्रोजनचं कारण कळलं आणि मगच हाबरची रीत शक्य झाली. शास्त्रज्ञ आणि कारागीर एकमेकांशी बोलू लागले आणि समाजाने नव्या विचाराला दार उघडं ठेवलं, तेव्हा एका शोधातून दुसरा निघत गेला.

इथे तुम्ही विचाराल, की एवढं आहे तर संगणक आल्याबरोबर उत्पादकता का उसळली नाही? संगणक सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत, अशा अर्थाची तक्रार खुद्द सोलो यांनी १९८७ मध्ये केली होती. तिला पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेच्या इतिहासातून उत्तर दिलं. एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झालं. तरी १९०० मध्ये अमेरिकी कारखान्यांतल्या यांत्रिक शक्तीपैकी ५ टक्क्यांहून कमी शक्ती विजेच्या मोटारींतून येत होती.

कारण कारखान्याच्या रचनेत होतं. वाफेच्या काळात एकच मोठं इंजिन असे. छतालगत लांबच लांब फिरता दांडा, त्यावरून खाली उतरणारे चामड्याचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला जोडलेलं एकेक यंत्र. शक्ती दूरवर नेता येत नसे, म्हणून कारखाने मजल्यावर मजले चढवून बांधलेले. कुठलं यंत्र कुठे ठेवायचं हे कामाच्या क्रमावरून ठरत नसे, दांड्याजवळ जागा कुठे आहे यावरून ठरे. वीज आली तेव्हा मालकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली. दांडा आणि पट्टे तसेच राहिले. फायदा बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार मिळाली, कारखाना एकमजली आणि उजेडाचा झाला, माल एका यंत्राकडून पुढच्या यंत्राकडे ओळीने सरकू लागला, तेव्हा कुठे उत्पादकतेने उसळी घेतली. ते दशक होतं १९२० चं. वीजकेंद्र सुरू झाल्यापासून चाळीस वर्षं उलटली होती. संगणकाचा परिणामही अमेरिकेच्या आकड्यांत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल एक-दोन वर्षांच्या आकड्यांवरून निकाल देणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, कामं जाण्याचा. जगात कामाचा साठा ठरावीक आहे आणि यंत्राने त्यातलं घेतलं की माणसाला तितकं कमी उरतं, हा समज चुकीचा आहे. वस्तू स्वस्त झाली की वाचलेला पैसा दुसरीकडे खर्च होतो आणि तिथे नवी कामं निघतात. अमेरिकेत २०१८ मध्ये लोक करत असलेल्या कामांपैकी सुमारे ६० टक्के कामं अशी होती, ज्यांची नावंही १९४० च्या नोंदींत नव्हती.

पण दुसरा गैरसमजही तितकाच घातक आहे, तो म्हणजे सगळं आपोआप ठीक होतं. रिकार्डो यांना आधी तसंच वाटत होतं. १८२१ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवं प्रकरण घातलं आणि यंत्रांमुळे मजुरांचं नुकसान होऊ शकतं, हे उघडपणे मान्य केलं. त्याच्या दहा वर्षं आधी नॉटिंगहॅमच्या परिसरातले मोजे विणणारे कारागीर विणकामाची यंत्रं फोडत होते आणि १८१२ मध्ये ब्रिटिश संसदेने त्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा ठेवली होती. रॉबर्ट ॲलन यांच्या हिशेबाप्रमाणे १७८० ते १८४० या साठ वर्षांत ब्रिटनमध्ये कामगारामागे उत्पादन सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलं, पण खरी मजुरी फक्त १२ टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे दोन पिढ्यांनी झळ सोसली आणि फळ मिळालं ते नातवंडांना. तिकडच्या गिरण्यांच्या सुताने इथे आपल्या खेड्यापाड्यांतल्या सूत कातणाऱ्या बायांची कमाईही बुडवली. देश सरासरीने श्रीमंत होतो, तेव्हाही काही घरांची चूल विझलेली असू शकते. त्यांना नवं काम शिकवणं, मधल्या काळात आधार देणं आणि वाढीव उत्पन्नातला वाटा मजुरीपर्यंत पोचवणं ही कामं बाजार आपण होऊन करत नाही. ती करून घ्यावी लागतात.

तेव्हा तुमच्या पत्राचं थोडक्यात उत्तर असं. यंत्रांची रास वाढवून देश एका पातळीपर्यंत जातो, त्यापुढे नेतं ते ज्ञान. ज्ञान थेट मोजता येत नाही, म्हणून बाकी सगळं मोजून ते वजाबाकीने अंदाजतात, आणि त्या अंदाजात इतर बरंच काही मिसळलेलं असतं. ज्ञान आकाशातून पडत नाही. शाळा, प्रयोगशाळा, कारखान्यातला अनुभव आणि नव्याला वाव देणारा बाजार यांतून ते तयार होतं.

यामुळेच एक आकडा मला सतत अस्वस्थ करतो. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी खर्च करतो; दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून जास्त करतो. अमुक इतक्या कोटींचा कारखाना येणार, ही बातमी आपण आनंदाने वाचतो, आणि वाचावीही. पण त्या कारखान्यात काम करता करता इथली माणसं काय शिकणार आहेत, आणि त्यावरची पुढची सुधारणा इथे शोधली जाणार की बाहेरून विकत घ्यावी लागणार, हे दोन प्रश्न त्या बातमीला प्रत्येक वेळी विचारावेत. आपली पुढची पन्नास वर्षं कशी जातील, हे गुंतवणुकीच्या रकमेपेक्षा या दोन उत्तरांवर जास्त ठरणार आहे.